मोडी हिशेबातला अर्धा फोटोत पाव का होतो?

दांडियाबाजारकर, वडोदरा

नमस्कार. सासूबाईंच्या माहेरून जमाखर्चाच्या मोडी कागदांचा एक रुमाल माझ्याकडे आलाय. कागद हात लावला की तुटतात, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ते मोठे करून वाचते. काल एका पानाची बेरीज काही केल्या जुळेना. फरक चार आण्यांचा. फोटोत एका रकमेपुढे एकच जाड उभी रेघ दिसत होती, म्हणजे ५।, सव्वापाच. शेवटी मूळ कागद काढून भिंग लावलं, तर बारीक दोन रेघा: ५॥, साडेपाच! बेरीज लगेच बसली.

त्याच पानावर एक अनुस्वार नाहीसा झालाय, आणि मागच्या बाजूची झिरपलेली शाई मात्र कोणी गिरवल्यासारखी ठळक.

फोटो रात्री ट्यूबलाइटखाली, हातात फोन धरून, दुप्पट झूमवर काढला होता. दिसायला इतका स्वच्छ की शंकाच येऊ नये. मला भीती त्याचीच वाटते. अशी सव्वाशे पानं काढून झालीत. सगळी परत काढावी लागतील?

रावपुऱ्यातला फोटोवाला

ताई, बटण एकदा दाबलंत तरी फोन लागोपाठ बरेच फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. १६ फोटो नीट जुळले तर अंधारातली रवाळ खरखर साधारण चौथाईवर येते. इथवर सगळं प्रामाणिक आहे, कारण कागदावरून आलेला प्रकाशच मोजला जातो.

हाताचा कंपही कामी येतो. सेन्सरवर, म्हणजे फोनच्या प्रकाश मोजणाऱ्या चकतीवर, निम्मे ठिपके हिरवा रंग मोजतात, पाव लाल, पाव निळा. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. हात हलला की कागदाची तीच जागा वेगळ्या ठिपक्यावर येते आणि अंदाजाऐवजी मोजमाप मिळतं. गुगलने २०१८ च्या पिक्सेल ३ या फोनमध्ये झूमसाठी हेच वापरलं.

घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. उरलेली खरखर पुसताना फोनला तुमचा अनुस्वार आणि खरखरीचा ठिपका सारखेच वाटतात. जवळजवळच्या दोन रेघांमधली फट अशीच बुजते. मग कडा उठावदार करताना झिरपलेली शाईही गडद होते. जिथे प्रकाश कमी, तिथे पुसणं जास्त.

आणखी एक. जवळून दुप्पट झूम केलं की कित्येक फोन टेलिफोटो (लांबचं मोठं दाखवणारं) भिंग वापरतच नाहीत, कारण ते इतक्या जवळ फोकस होत नाही. मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून मोठा करतात. फार जवळ गेलात तर काही फोन आपोआप अल्ट्रावाइडवर, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर, जातात, आणि त्याचा सेन्सर बहुधा लहान असतो. म्हणून झूम नको. १एक्सवर, वीतभर अंतरावरून, दिवसा खिडकीपाशी काढा.

मोडीवाचक, इंदूर

ताई, सव्वाशे पानं परत काढू नका, कागद सोसणार नाहीत. मजकुराच्या पानांत पुढचा-मागचा शब्द सांभाळून घेतो, पण रकमेला असा आधार नसतो. पाव, अर्धा, पाऊण हे सगळं रेघांवरच, आणि प्रत्येक पानावर बेरीज असेलच असं नाही. म्हणून रकमांची तेवढी पानं आधी घ्या.

दांडियाबाजारकर, वडोदरा

दादा, काका, आभार. आज सकाळी दहाला खिडकीशी पाट ठेवला, दोन्हीकडे पुस्तकांच्या थप्प्या, वर फोन, तीन सेकंदांचा टायमर. दोन्ही रेघा वेगळ्या आल्या, मधली फटसुद्धा दिसते! अनुस्वारही आला. दुसऱ्या पानावरचा एक मात्र नाही आला. भिंगातून पाहिलं तर तिथली शाईच उडालीय.

एकच विचारते: फोन असा स्थिर ठेवला तर तो कंपाचा फायदा जातो ना?

रावपुऱ्यातला फोटोवाला

जातो थोडा. पिक्सेलमध्ये त्यासाठी भिंगच मुद्दाम किंचित हलवायची सोय केली होती. पण तुमच्या कामात भरपूर उजेड आणि न हललेला फोटो यांचं मोल जास्त. पुस्तकंच राहू द्या.

दांडियाबाजारकर, वडोदरा

बरं. रकमांची एकेचाळीस पानं निघालीत. ऊन सरकेपर्यंत सहा झाली.