हार्परला आत्ताच ट्रेड (दुसऱ्या टीमशी अदलाबदल) करून मोकळं व्हावं का? (२०२५-२६ सीझनआधीची चर्चा)

फिरकी_पास

एनबीएमधल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सॅन अँटोनियो स्पर्सच्या फॉक्सचा नवा करार झाल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतो.

स्पर्सकडे आता तीन गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारे) झालेत. फॉक्सला चार वर्षांसाठी सुमारे २२ कोटी ९० लाख डॉलर. कॅसल गेल्या सीझनचा रूकी ऑफ द इयर (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंतला सर्वोत्तम). आणि जूनच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची क्रमाने निवड) दुसऱ्या नंबरवर उचललेला डिलन हार्पर. तिघांचाही खेळ बॉल हातात असताना फुलतो आणि तिघांपैकी एकाचाही थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) भरवशाचा नाही. कॅसलचा गेल्या वर्षीचा आकडा २८.५ टक्के होता. अशा तिघांना वेम्बीभोवती (वेम्बान्यामा, स्पर्सचा उंच सेंटर) उभं केलं तर समोरची टीम सगळी पेंटमध्ये (बास्केटखालच्या जागेत) येऊन बसणार.

माझं म्हणणं असं की हार्परची किंमत आज जेवढी आहे तेवढी पुन्हा असणार नाही. दुसऱ्या नंबरचा जो पोरगा एकही सामना खेळलेला नाही, त्याच्यात प्रत्येक टीमला आपल्याला हवा तो खेळाडू दिसतो. बेंचवरून १८ मिनिटं खेळून ९ पॉइंट काढायला लागला की तेच लोक खोट काढायला लागतील. मिल्वॉकीने लिलार्डला सोडल्यापासून त्यांच्या स्टार यानिसचं नाव ट्रेडसाठी रोज फिरतंय. त्याच्या बदल्यात हार्पर, वसेल, केल्डन जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे दोन-तीन पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) द्यायचे. वेम्बी रूकी करारावर आहे तोवरच हे परवडेल. तुम्ही काय कराल?

पेंट_टच

मी करीन, आणि जास्त विचार न करता करीन.

२०१४ आठवा. क्लीव्हलंडने विगिन्सला पहिल्या नंबरवर घेतलं, करारावर सही झालेल्या रूकीला ३० दिवस ट्रेड करता येत नाही म्हणून ऑगस्टपर्यंत थांबले आणि त्याला मिनेसोटाला पाठवून केव्हिन लव्हला आणलं. विगिन्स तिकडे रूकी ऑफ द इयर झाला. क्लीव्हलंड २०१६ ला चॅम्पियन झालं. त्या ट्रेडबद्दल हळहळणारा क्लीव्हलंडचा फॅन मला आजवर भेटलेला नाही. समोर यानिस असताना जो अजून खेळलाच नाही त्याच्यासाठी अडून बसणं मला पटत नाही.

कोरा_बोर्ड

ट्रेड करायचाच असेल तर हार्पर नको, कॅसल द्या. सांगतो का ते.

रूकीचे आकडे वाचताना आधी बघायचं की त्याला ते कोणत्या परिस्थितीत मिळाले. मायकेल कार्टर-विल्यम्स घ्या. फिलाडेल्फियाकडून पहिल्याच सामन्यात मायामीविरुद्ध २२ पॉइंट, १२ असिस्ट, ९ स्टील. सीझनची सरासरी १६.७ पॉइंट, ६.३ असिस्ट, ६.२ रिबाउंड. २०१४ चा रूकी ऑफ द इयर. पण ती टीम १९-६३ (जिंकले-हरले) होती, लागोपाठ २६ सामने हरलेली, आणि लीगमध्ये सगळ्यात वेगाने खेळणारी. बॉल त्याच्याकडेच, पझेशन (टीमच्या हल्ल्याच्या खेपा) भरपूर, आणि चुकला तरी बाहेर काढणारं कोणी नाही. थ्री २६.४ टक्के. फिलाडेल्फियाने फेब्रुवारी २०१५ मध्ये, म्हणजे तो पुरस्कार हातात असतानाच, त्याला मिल्वॉकीला पाठवलं आणि बदल्यात लेकर्सचा पहिल्या फेरीचा पिक मिळवला. त्यानंतर तो टीम बदलत राहिला.

कॅसल तसाच निघेल असं मी म्हणत नाही. त्याचा डिफेन्स खरा आहे. पण गेल्या सीझनमध्ये वेम्बी ४६ सामने खेळला, फॉक्स ट्रेड होऊन आला आणि १७ सामन्यांनंतर बोटाच्या ऑपरेशनसाठी बाहेर गेला. शेवटच्या टप्प्यात बॉल दुसऱ्या कोणाकडे द्यायचा होता? १४.७ पॉइंटपैकी किती त्याचे आणि किती रिकाम्या जागेचे, हे मार्केट आत्ता विचारत नाहीये. विचारायला लागायच्या आत विका.

आर्को_अरीना

मी २००२ च्या वेबर-डिवाच-बिबीच्या टीमपासून सॅक्रामेंटोचा फॅन आहे. हा धागा वाचून गप्प बसणं शक्य नाही, कारण हीच चर्चा आम्ही करून झालोय, आणि तीही याच फॉक्सच्या भोवती.

२०२० च्या ड्राफ्टमध्ये हॅलिबर्टन घसरत घसरत १२ व्या नंबरवर आमच्याकडे आला. रूकी सीझनला १३ पॉइंट, ५.३ असिस्ट, थ्री जवळपास ४१ टक्के. पण आकड्यांपेक्षा त्याचा पास बघायला हवा होता. रिबाउंड हातात आला की समोरच्यांनी मान वळवायच्या आत बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे गेलेला असायचा. शॉट विचित्र, छातीपासून ढकलल्यासारखा, आणि तरी आत जायचा. पुढच्या ड्राफ्टमध्ये आम्ही नवव्या नंबरवर डेव्हियन मिचेल घेतला. झाले तीन गार्ड. लगेच ओरड सुरू: तिघं कसे बसणार, एकाला विका. फॉक्सचा मोठा करार नुकताच झालेला होता, तेव्हा तो जाणार नव्हता. ८ फेब्रुवारी २०२२ ला हॅलिबर्टन इंडियानाला गेला आणि साबोनिस आला. फॉक्स आणि हॅलिबर्टनला एकत्र दोन पूर्ण सीझनसुद्धा मिळाले नाहीत.

पुढच्या वर्षी ४८-३४, वेस्टमध्ये तिसरा नंबर, २००६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. साबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला. गोल्डन वन सेंटरवरचा तो जांभळा झोत बघून मी खूप आनंदात होतो, त्या सीझनला मी कधीच वाईट म्हणणार नाही. सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला कोणी हे विचारू नये. पण वॉरियर्सकडून सातव्या सामन्यात हरलो आणि ती टीम तिथून वर चढलीच नाही. मिचेल २०२४ ला टोरांटोला गेला. फॉक्स २०२५ च्या फेब्रुवारीत तुमच्याकडे आला. म्हणजे ज्या तिघांमधून निवड करायची म्हणून घाई केली, त्या तिघांतला एकही आमच्याकडे उरला नाही. आणि हॅलिबर्टन २०२५ ला इंडियानाला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला.

फिरकी_पास, तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट निसटतेय. आम्हाला त्या जोडीचा प्रश्न होता तो डिफेन्सचा. २०२०-२१ मध्ये आमचा डिफेन्स लीगमध्ये शेवटचा होता. दोन्ही गार्ड सडपातळ, मागे रिम (बास्केटची कडी) सांभाळणारा कोणी नाही, पहिला ड्राइव्ह आत गेला की खेळ संपला. तुमच्याकडे मागे वेम्बी उभा आहे, ज्याने रूकी सीझनलाच सामन्याला ३.६ ब्लॉक केले. पुढे कॅसल आहे, जो समोरच्या टीमचा सगळ्यात मोठा स्कोअरर अंगावर घेतो. ज्या कारणासाठी आम्हाला जोडी मोडावी लागली ते कारण तुमच्याकडे नाहीच. तुमचा प्रश्न शूटिंगचा आहे. विशी-एकविशीच्या पोराचं शूटिंग सुधारू शकतं, पण कॅसलसारखा डिफेन्स कोणाला शिकवून येत नाही.

आता पगार. पहिल्या फेरीच्या रूकीचा करार चार वर्षांचा, पहिली दोन पक्की, पुढची दोन टीमच्या मर्जीवर. हार्पर २०२८-२९ पर्यंत ठरलेल्या, स्वस्त पगारात राहणार. फॉक्सचा नवा पगार २०२६-२७ पासून सुरू होतो आणि वेम्बीचा मोठा करार साधारण त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा दुसऱ्या एप्रनच्या (लीगने ठरवलेली टीमच्या एकूण पगाराची वरची रेषा) वर गेलात तर दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. त्या दिवसांत कमी पगारात पहिल्या पाचात खेळणारा गार्ड मिळणं म्हणजे सोनं. वेम्बीची स्वस्त वर्षं वापरायची म्हणून तुम्ही त्यानंतरची वर्षं विकायला निघालात.

पेंट_टच, विगिन्सचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे लेब्रॉन तिशीला टेकलेला होता आणि क्लीव्हलंडला थांबायला वेळच नव्हता. वेम्बी २१ चा आहे. यानिस डिसेंबर २०२५ मध्ये ३१ चा होईल. आणि हो, यानिस स्वतः १५ व्या नंबरवर आला होता, रूकी सीझनला सरासरी ६.८ पॉइंट. मिल्वॉकीने तेव्हा त्या आकड्यांवर त्याला विकला असता तर? शाई गिल्जस-अलेक्झांडर रूकी सीझनला १०.८ वर होता. क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी तो आणि सोबत पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. त्यातल्या एका पिकचा पुढे जेलन विल्यम्स झाला. दोघंही २०२५ ला ओक्लाहोमाकडून चॅम्पियन झाले.

पेंट_टच

वयाचा मुद्दा मान्य, पण वेम्बीच्या खांद्यात रक्ताची गुठळी झाली आणि फेब्रुवारीतच त्याचा सीझन संपला, हे विसरून चालणार नाही. इतका उंच खेळाडू दहा वर्षं सलग खेळेल असं गृहीत धरून योजना आखणं मला धोक्याचं वाटतं. मी अजूनही यानिसकडेच.

फिरकी_पास

आर्को_अरीना, पगाराचा हिशेब मी असा मांडला नव्हता, धन्यवाद. पण एक सांगा: मिनिटं कशी वाटणार? दोन गार्डच्या जागांची मिळून ९६ मिनिटं. तिघांना समान दिली तरी ३२. फॉक्सला इतका पैसा देऊन ३२ वर बसवणार?

आर्को_अरीना

फॉक्सला ३४ द्या. कॅसलला गार्ड धरूच नका, तो विंगवर (कोर्टाच्या बाजूच्या जागेवर) खेळू शकतो. त्याची दहा-बारा मिनिटं तिकडून काढली की हार्परला २२ ते २५ सहज मिळतात. फॉक्स आणि हार्पर दोघंही डावखुरे, दोघांनाही डावीकडून रिमकडे जायला आवडतं, म्हणून त्या दोघांना एकत्र कमी ठेवायचं. हार्परची खरी वेळ फॉक्स बेंचवर असतानाची. वेम्बी आणि हार्पर स्क्रीन (सहकाऱ्याने अंगाने आडवं उभं राहून वाट मोकळी करणं) खेळतायत, कॅसल बिनबॉलचा कट मारतोय, कोपऱ्यात वसेल आणि बार्न्स.

मी डिसेंबरअखेरपर्यंत फक्त तेवढी मिनिटं बघीन. समोरचा गार्ड स्क्रीनच्या खालून गेल्यावर हार्पर न बिचकता शॉट घेतो का, आणि रिमवर मदत आली की बॉल वेम्बीला वर फेकतो का कोपऱ्यात काढतो, एवढंच. त्याचे पॉइंट किती झाले हे मी बघणारसुद्धा नाही. ट्रेडची मुदत फेब्रुवारीत संपते, तोवर मिल्वॉकीचा फोन काही बंद होत नाही.

कोरा_बोर्ड, कॅसलबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.