समुद्री टाकीच्या दिव्याबद्दल जाणकारांनी प्रकाश टाकावा (अक्षरशः)

खारट_नवखा

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्यात सात वर्षं काढली, झाडांची टाकी सांभाळली, त्यामुळे समुद्री टाकी म्हणजे फार तर पाण्यात मीठ घालायचं, अशा भ्रमात होतो. चार महिन्यांत तो फिटला.

टाकी ६० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ भरली तर १२० लिटरची. सायकलिंग (पाण्यात उपयोगी जिवाणू रुजवणं) नीट पार पडलं. खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५, तापमान २५-२६ अंश, दोन क्लाउनफिश मजेत आहेत. महिन्याभरापूर्वी तीन कोरल (प्रवाळ) आणले: एक लेदर, एक मशरूम आणि झोआ या छोट्या कोरलचा आठ-दहा तोंडांचा फ्रॅग, म्हणजे तुकडा. दिवा मात्र जुनाच, झाडांच्या टाकीवरचा ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी.

आता झोआंच्या माना लांब व्हायला लागल्यात. आणले तेव्हा दगडाला शर्टाच्या बटणांसारखे चिकटून होते. आता देठ बोटाच्या पेराएवढे उंच झालेत आणि सगळे एकाच बाजूला, दिव्याकडे, झुकलेत. शेवटच्या बाकावरची मुलं फळा दिसेना की माना उंचावतात ना, अगदी तसे. मागच्या काचेवर हिरव्या केसांचं शेवाळही आहे. त्याची मात्र दिव्याबद्दल काही तक्रार नाही.

तर दिवा बदलायचाय. खिसा दगडांनी आणि मिठाने आधीच रिकामा केलाय. रीफवाले (कोरलची टाकी ठेवणारे) जे दिवे कौतुकाने दाखवतात त्यातल्या एकाच्या पैशांत माझी अख्खी टाकी उभी राहिली. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत:

निळ्या-पांढऱ्या दोन चॅनेलचा साधा ब्लॅक बॉक्स एलईडी. किंवा ओळखीतल्या एकाकडचं वापरलेलं, चार नळ्यांचं टी-५ (बारीक ट्यूबलाइटचं) फिक्स्चर, जे अगदी स्वस्तात मिळतंय. किंवा मित्राच्या सल्ल्याने विजेच्या दुकानातले दोन वॉटरप्रूफ फ्लडलाइट, एक निळा, एक पांढरा. हे सगळ्यात स्वस्त.

किती वॅट लागतील? लिटरला इतके वॅट असा काही हिशोब आहे का?

भरती_ओहोटी

वॅटचा हिशोब डोक्यातून काढा. तो ट्यूबच्या जमान्यातला आहे, तेव्हा सगळे दिवे साधारण सारखेच असायचे म्हणून चालून जायचा. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. तळाशी बसलेल्या मशरूमच्या पदरात काय पडतं ते त्यातून कळत नाही.

कोरलच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतं, झूझँथेली. ते प्रकाशातून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. त्यामुळे रीफमध्ये दिवा हा शोभेचा भाग नाही, ते जेवण आहे. ते मोजायचं एकक म्हणजे पार: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती मायक्रोमोल फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात. मशरूमला ५०च्या आसपास पुरतं, लेदर आणि झोआ १००च्या आगेमागे खूश असतात, हॅमर-टॉर्चसारखे एलपीएस (मोठ्या तोंडांचे टणक कोरल) साधारण ८० ते १५०. अॅक्रोपोरा वगैरे एसपीएस (बारीक तोंडांचे टणक कोरल) ठेवायचे तर २५० ते ३५०, आणि तिथे मग बजेट हा शब्द विसरायचा.

म्हणून आधी सांगा, वर्षभराने टाकीत काय हवंय? दिवा त्यावर ठरतो.

नळीवाला

टी-५ घ्या आणि शांत झोपा. एलईडीवाले चॅनेल, टक्केवारी, अॅप यातच रमलेले असतात. नळीचा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, दगडाखाली काळी सावली पडत नाही. माझे लेदर त्याच्याखालीच फुटबॉलएवढे झाले.

भरती_ओहोटी

नळीवाले, प्रकाशाबद्दल शंभर टक्के मान्य. पण नळ्या नऊ ते बारा महिन्यांत बदलाव्या लागतात हे पण सांगा की! डोळ्यांना त्या तशाच उजळ दिसतात, पण जोर आणि रंग दोन्ही उतरलेले असतात. वापरलेलं फिक्स्चर स्वस्तात मिळतंय म्हणजे बहुतेक नळ्या संपत आल्यात. धाग्याच्या मालकांनी चार नव्या नळ्यांचा भाव विचारावा, मग स्वस्त कशाला म्हणायचं ते ठरवावं. शिवाय चार नळ्या म्हणजे उष्णता. तापमान चढणार, पाणी जास्त उडणार, मीठ मागे राहणार, आणि रोज गोडं पाणी भरत बसायचं.

नळीवाला

नळ्यांचा खर्च खरा आहे. मी तो घरी सांगत नाही.

गंमत_जंमत

टाकी खिडकीत ठेवा. सूर्य फुकट आहे. (ह. घ्या.)

भरती_ओहोटी

कोणी खरंच करायच्या आधी: खिडकीतलं ऊन दुपारी टाकी तापवतं, ढग आले की गायब होतं, आणि त्याला डिमर नसतो.

खारट_नवखा

आभार. एसपीएसचं स्वप्न नाही. सॉफ्ट कोरल आणि पुढे जमलंच तर एक हॅमर, बस. पार मीटर घेणं परवडणारं नाही. फोनवर लक्स मोजायचं अॅप टाकलं, पाण्याच्या वर आकडा भरपूर दाखवतंय. एवढा प्रकाश असून झोआ का रडतायत?

दगडफूल

उशिरा आलो, पण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि आपला डोळा सगळ्यात तेज असतो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला. झूझँथेलीला मुख्यतः निळा लागतो, ४४० ते ४६० म्हणजे रॉयल ब्लूचा पट्टा. समुद्रात तांबडा वरच्या थरातच शोषला जातो, खोल पोचतो तो निळा. ही मंडळी त्यावरच वाढलेली. त्यामुळे निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा फसवा, खूप कमी येतो. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ने भागलं की अंदाजे पार मिळतो, पण निळ्या एलईडीला तो भागाकार लावू नका. अॅपचा उपयोग एवढाच: त्याच दिव्याखाली कोणता कोपरा उजेडात आणि कोणता अंधारात, हे ताडून पाहायला. आणि मोजायचं तर पाण्यावर नाही, झोआ बसलेत तिथे. त्या दोन जागांत फार फरक असतो, मध्ये मिठाने पांढरी पडलेली झाकणाची काच असली तर आणखीच. ती काच रोज ओल्या फडक्याने पुसता ना?

फ्लडलाइटचा विचार सोडा. वाईट म्हणून नाही, पण डिम होत नाही, आणि ‘निळा’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी नेमका कोणता निळा हे कोणी सांगत नाही. माझा कौल ब्लॅक बॉक्सला. घेताना तीन गोष्टी बघा: दोन्ही चॅनेल वेगवेगळे कमीजास्त करता आले पाहिजेत, लेन्स ९० किंवा १२० अंशांची हवी, आणि पंख्याचा आवाज चालू करून ऐका, कारण टाकी हॉलमध्ये असेल तर रोज तोच ऐकायचाय. ६० सेंमी लांबीला एक नग पुरतो. ६० अंशांची लेन्स आली तर मध्ये टॉर्च मारल्यासारखा गोळा आणि कडेला संध्याकाळ.

आता माझी फजिती. ही वाचल्याशिवाय दिवा लावू नका.

माझ्याकडे असाच अंधुक दिव्याखाली वाढलेला टॉर्च कोरल होता. नवा दिवा आला, उत्साहात दोन्ही चॅनेल शंभरावर नेले. टाकी काय झळकली! पहिल्या संध्याकाळी घरच्यांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी टॉर्चचे हात आखडले, मला वाटलं प्रवाहामुळे असेल. तिसऱ्या दिवशी तोंडातून तपकिरी दोरे निघाले, शेवयांसारखे, पंपाच्या प्रवाहात लोंबत होते. मी ते विष्ठा समजून स्वस्थ बसलो. ते झूझँथेली होतं, कोरल आपलं शैवालच बाहेर फेकत होता. आठवड्याभरात हातांचा रंग गेला आणि खालचा पांढरा सांगाडा कातडीतून दिसायला लागला. नंतर दिवा कमी केला, पण वेळ गेली होती. कमी प्रकाशात कोरल महिनोन्महिने कुरकुरत जगतो, अचानक जास्त मिळाला तर चार दिवसांत जातो. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता.

तर दिवा पाण्यापासून २५-३० सेंमी वर टांगा. निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, यापुढे पहिल्या आठवड्यात जायचं नाही. मग दर आठवड्याला निळा पाच टक्क्यांनी वाढवा आणि कोरलकडे बघत राहा. मशरूम आक्रसून सुपारीएवढं झालं तर त्याला जास्त होतंय, खाली सावलीत सरकवा. झोआ आखूड राहून पूर्ण उघडले की तिथेच थांबा, आकड्याच्या मागे धावू नका. एकूण वेळ आठ तास, टायमरवर. हाताने चालू-बंद करणारे लोक पाहुणे आले की अकरापर्यंत दिवा ठेवतात, मीही ठेवायचो.

एक धोक्याची सूचना: फ्रॅग हलवताना हातमोजे घाला, आणि झोआ दगडावरून खरवडायचे झाले तर चष्माही. काही झोआंत आणि त्यांच्या जातभाईंत पॅलिटॉक्सिन असतं, ते गंमतीत घेऊ नका. दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका.

अवांतर: वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी झोळाच्या टोकावरून जमिनीवर ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

खारट_नवखा

दगडफूल, काच तपासली. पुसत नव्हतो. नखाने खरवडलं तर मिठाचा पापुद्राच निघाला, लाज वाटली.

ब्लॅक बॉक्स घेतला, ९० अंशांच्या लेन्सचा. पंखा कुजबुजतो, पण चालेल. ३० आणि १०वर लावलाय. खरं सांगू का, नवा दिवा इतका मंद लावून बसणं म्हणजे नवी गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवणं. हात सारखा नॉबकडे जातोय.

दगडफूल

हात खिशात ठेवा.

खारट_नवखा

दहावा दिवस. तोंडचं पाणी पळालंय. लेदर तीन दिवसांपासून पूर्ण मिटलाय, एकही पॉलिप (कोरलचं छोटं तोंड) बाहेर नाही, आणि वर मेणासारखी चकचकीत साय आलीये. मी ३५च्या वर गेलेलो नाही, शपथेवर सांगतो. टाकीतून बाहेर काढू का?

नळीवाला

हात लावू नका! लेदर कात टाकतोय. काही बदललं की मिटतो, वर मेणचट पापुद्रा धरतो, मग तो सोडून पुन्हा उघडतो. प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा लवकर निघेल. माझा एकदा दोन आठवडे मिटून होता, मी तेव्हा त्याचं श्राद्ध घालायच्या बेतात होतो.

खारट_नवखा

सहा आठवडे झाले, ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी लिहितोय.

लेदरने चौथ्या दिवशी पापुद्रा टाकला, स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी चिकटलेला सापडला. आता तो पूर्वीपेक्षा जास्त उघडतो. निळा ५५वर आहे, पांढरा १५वर, तिथेच थांबलोय. मशरूमला दगडाच्या पोटात सावलीत नेलं, तिथे तो बशीएवढा पसरलाय. झोआंचे जुने देठ लांबच राहिले, ते काही आखडले नाहीत. पण बुडाशी चार नवी तोंडं फुटलीत आणि ती दगडाला चिकटून, बटणासारखी. रात्री नुसता निळा ठेवला की नारिंगी किनार पेटल्यासारखी दिसते. फोटो काढले, सगळे जांभळे आले, म्हणून टाकत नाही.

मागच्या काचेवरचं शेवाळ मात्र या नव्या दिव्यावरही तेवढंच खूश आहे. फॉस्फेटची टेस्ट आणतो आणि त्यासाठी वेगळा धागा काढतो.