केळीवरच्या सीएमव्हीचे निकाल शोधनिबंधाआधी शेतकऱ्यांना द्यावेत का?

मृगबाग_यावल:
यावल-रावेर पट्ट्यातल्या मृगबागांतून (जून-जुलैत लावलेल्या केळीबागा) पानांचे नमुने घेऊन सीएमव्हीसाठी (कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपल्याकडचा हरण्या रोग) एलायझा ही विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी केली आहे. शेतकरी निकाल मागताहेत. मार्गदर्शक म्हणतात, आधी सांगितलं तर निबंध नाकारतील. रोपं कोणत्या नर्सरीची, तेही छापा असा काहींचा आग्रह आहे. काय करावं?

प्रयोगवही:
निकाल द्या, आणि याच आठवड्यात द्या. ज्याच्या बागेचा नमुना त्याला निकाल कळवणं हे पूर्वप्रकाशन ठरत नाही. तेच तक्ते, तोच मजकूर दुसऱ्या नियतकालिकात छापला तर अडचण येते.

घाई यासाठी की हा विषाणू मावा ही रस शोषणारी कीड पसरवते. रोगट पानावर काही सेकंद ते मिनिटं सोंड खुपसली की मावा तो लगेच दुसऱ्या झाडाला देऊ शकतो. मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते, म्हणून नुसत्या फवारणीने भागत नाही. रोगट झाड लवकर उपटून नष्ट करायचं, बागेत आणि बांधावर काकडीवर्गीय वेल, तण ठेवायचं नाही.

चिठ्ठीवर गट क्रमांक, नमुन्याची तारीख, किती झाडं तपासली, कोणती चाचणी आणि निकाल एवढं पुरे. मात्र 'निरोगी' लिहू नका, 'विषाणू आढळला नाही' लिहा. झाडात तो सगळीकडे सारखा नसतो, चुकीचं पान घेतलं तर निसटतो.

आणखी एक. पिवळे पट्टे दिसणारीच पानं तोडली असतील, तर त्यातली टक्केवारी म्हणजे बागेतलं रोगाचं प्रमाण नव्हे. निबंधात हे पद्धतीच्या भागातच स्पष्ट लिहा. ही चूक सर्रास होते आणि मग 'अमुक तालुक्यात एवढे टक्के' अशा बातम्या फिरतात.

पिलबाग:
नर्सरीचं नाव अजिबात नको भाऊ. लागवडीनंतर दोन महिन्यांनी घेतलेल्या पानावरून विषाणू रोपातून आला की माव्याने आणला, हे सांगता येत नाही. त्यासाठी रोपं नर्सरीतून निघण्याआधीच तपासायला हवी होती.

शेतकऱ्याची ओळखही जपा. निबंधात नाव, गट क्रमांक नको. अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंत दिले तर साधारण एक किलोमीटरचा परिसर कळतो. चार दिले तर वाचणारा थेट त्या बागेत पोचतो, आणि घडाचा भाव पाडायला व्यापाऱ्याला निमित्त मिळतं. नमुने कशासाठी वापरणार, याची मराठीत लेखी संमती घ्या.

मृगबाग_यावल:
एक नियतकालिक चार दिवसांत छापतो म्हणतंय. आणि एलायझाचे काठावरचे (रोगट की निरोगी हे नीट न ठरणारे) काही आकडे वगळले तर चालेल का? यंत्र वापरू देणारे सरही लेखकांत नाव मागताहेत.

प्रयोगवही:
चार दिवसांत खरं समीक्षण होत नाही, तिथे देऊ नका. नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे आयएसएसएन, आयएसएसएनच्याच अधिकृत संकेतस्थळावर टाकून नाव आणि वेबपत्ता जुळतो का पाहा. नामांकित नियतकालिकांच्या हुबेहूब नकला निघतात.

यंत्र दिल्याबद्दल ऋणनिर्देश. लेखक तोच, ज्याचा कामात आणि लेखनात वाटा आहे, ज्याने अंतिम मसुदा मान्य केलाय आणि जो निष्कर्षांची जबाबदारी घेतो.

काठावरचे आकडे वगळायचे नाहीत. निरोगी नमुन्यांच्या सरासरीच्या दुप्पट किंवा तिप्पट, जी मर्यादा चाचणीआधी वहीत लिहिली असेल तीच सगळ्यांना लावा. काठावरचे नमुने आरटी-पीसीआरने पुन्हा तपासा आणि दोन्ही निकाल तक्त्यात ठेवा. चिठ्ठी आधीच दिली असेल आणि निकाल बदलला, तर त्या शेतकऱ्याला दुसरी चिठ्ठी त्याच दिवशी पोचवा.