जर्नलने पेपरवर माझा मोबाइल नंबर छापलाय, काढायला सांगता येतं का?

कुळागर७
मंडळी, जरा मदत हवीय. माझा पेपर गेल्या महिन्यात एका जर्नलमध्ये ऑनलाइन आला, गोव्यात बार्देशातल्या पदेरांवर (पाव भाजणाऱ्यांवर) आहे, भट्टी, लाकूड, पोरं धंद्यात का येत नाहीत वगैरे. हौसेने पीडीएफ उघडली तर पहिल्याच पानावर तळाला ईमेलच्या बाजूला माझा मोबाइल नंबर! सबमिशनच्या फॉर्ममध्ये रकाना होता म्हणून भरलेला, छापतील हे कुठे माहीत. आता रोज व्हॉट्सॲपवर 'डिअर प्रोफेसर, चार दिवसांत पेपर छापून देतो', परवा तर जत्रेची पालखी दारात नि इकडे फोन वाजतोय. प्रोफेसर कसला, गाइडने अजून तिसरं चॅप्टर उघडलेलं नाही. संपादकांना लिहू का, की छापलं ते छापलं म्हणतील?

घुमट
लिही बिनधास्त. मी एका छोट्या जर्नलचं ओजेएस (जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर) सांभाळतो. त्यात एक तयार प्रायव्हसी स्टेटमेंट येतं, नावं नि ईमेल जर्नलच्या सांगितलेल्या कामासाठीच वापरू, दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि पुष्कळजण ते न वाचताच तसंच ठेवतात (आम्हीपण, खोटं कशाला बोलू). नाव, संस्था आणि करस्पॉन्डिंग ऑथरचा (पत्रव्यवहार बघणाऱ्या लेखकाचा) ईमेल छापायची पद्धतच आहे, वाचकाने शंका विचारायची कुठे? पण फोनचं तसं नाही. डीओआयसाठी, म्हणजे पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकासाठी, तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफकडे नाव, संस्था, ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) जातं, फोन जात नाही, म्हणजे लेआउटवाल्याने फॉर्ममधून उचलून चिकटवला असणार. फाइल बदलणं किरकोळ काम. ज्यांनी आधीच डाउनलोड केलीय त्यांच्याकडे मात्र राहणार, तेव्हा आजच लिही.

तिसऱ्यो
डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आहे की, ज्या कामाला माहिती घेतली त्याच कामाला वापरायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत, त्यामुळे लगेच कायद्याची धमकी देऊ नको, गोड बोलून काम होतं.

रातांबा
नंबरचं होईल रे. मी आत्ता तुझा पेपर वाचला, टेबल २ बघ एकदा. 'पदेर ४, वय ६१, दोन मुली दुबईत, सोसायटीचं कर्ज' आणि पुढच्या रकान्यात वाड्याचं, म्हणजे गावातल्या वस्तीचं, नाव. त्या वाड्यावर पदेर कितीसे असतात? एकच! माझं माहेर तिथलं, मी नाव न वाचता ओळखला. नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं आपल्या गोव्यात होत नाही. रिव्ह्यूअरलापण दिसलं नाही याचं नवल वाटतं, बाहेरचा असेल.

कुळागर७
बापरे. नाव कुठे येणार नाही सांगूनच त्याच्याकडून सही घेतली होती मी. नंबर राहूदे, आधी टेबलाचं लिहितो. घुमटबाब, दोन्ही एकदमच बदलता येईल ना?

घुमट
येईल. नंबर गुपचूप काढतील, पण टेबल बदललं की करेक्शनची नोटीस लावावी लागते. नोटिशीचा मसुदा आधी तू बघायला माग, नाहीतर त्यात 'अमुक वाड्याचं नाव वगळलं' असं लिहून मोकळे होतील. वाडा काढून 'उत्तर गोवा' घाल, वयाचे गट कर, आणि मुली नि कर्ज एका ओळीत ठेवू नको.