मदत हवी आहे : भयपटाच्या सुरुवातीसाठी कंदिलाचा उजेड

नमस्कार. आम्ही नागपुरातील पाच विद्यार्थी अभ्यासक्रमासाठी एका भयपटाची केवळ सुरुवातीची दोन मिनिटे चित्रित करणार आहोत. महाल भागातील एका जुन्या वाड्यात वीज गेल्यावर कंदील घेऊन माडीवर जाणारी मुलगी आणि वरून येणारा पाट्यावरवंट्याचा आवाज, एवढाच प्रसंग आहे. भीती दिसण्याआधी ऐकू यावी, असे मला मनापासून वाटते, म्हणून तो आवाज आम्ही स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करू.

अडचण उजेडाची आहे. नुसत्या कंदिलावर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० पर्यंत वाढवावा लागतो आणि चित्राच्या अंधाऱ्या भागात दाणे दिसू लागतात. काचेआड बॅटरीचा एलईडी ठेवून मंद केला, तर चित्र लुकलुकते. घरगुती वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद ठेवले होते, परंतु हा दोष बहुधा दिव्याच्या डिमरचाच (उजेड कमी करणाऱ्या भागाचाच) असावा. अशा वेळी दिवा पूर्ण तेजाने लावून त्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) व बटर पेपर गुंडाळणे योग्य ठरेल का? लाकडी जिना अरुंद आहे, त्यामुळे दिव्याचा स्टँड मावत नाही.

शिवाय वाड्याबाहेरील गल्लीत रात्री एकच दृश्य घ्यायचे असल्यास पोलीस ठाण्याला लेखी कळवताना अर्जासोबत काय जोडावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.