जुन्या सॅकमध्ये कॅमेऱ्यासाठी पॅडेड इन्सर्ट वापरावे की वेगळी कॅमेरा बॅगच घ्यावी?

परभणीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातील जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि मंदिरे यांची छायाचित्रे मी गेली तीन-चार वर्षे सवडीने काढत आहे. शाळेची नोकरी असल्यामुळे हे काम बहुधा रविवारीच होते, आणि प्रवास कधी एसटीने, कधी सेलूपर्यंत रेल्वेने, तर कधी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून होतो. सामान फार नाही. कॅनन १५०० डी हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स, एक ५५-२५० आणि एक १०-१८. ही शेवटची, जवळून रुंद दृश्य टिपणारी लेन्स मुद्दाम घेतली, कारण बारवेत उभे राहून मागे सरकायला जागा नसते आणि सरकलोच तर थेट पाण्यात जाण्याची सोय असते.

आजवर हे सगळे एका जाड टॉवेलात गुंडाळून ट्रेकिंगच्या ३५ लिटरच्या सॅकमध्ये ठेवत होतो. मागच्या महिन्यात जिंतूरहून परत येताना एसटीत गर्दी होती, म्हणून सॅक पायाशी ठेवली आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा सॅकवर तुरीचे अर्धे पोते विसावलेले होते. पोते ज्यांचे होते त्या आजोबांनी अगदी भाबडेपणाने, "मऊच हाय की, कापडं असतील म्हणलं," असे सांगितले आणि त्यावर मला काही बोलता आले नाही. घरी येऊन पाहिले तर ५५-२५० वरील फिल्टरची काच तडकली होती. लेन्स वाचली, पण टॉवेलावरचा विश्वास उडाला.

माझ्यासमोर आता दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्वतंत्र कॅमेरा बॅग घेणे, परंतु तिच्यात डबा, पाण्याची बाटली, वही आणि मोजमापाचा टेप यांना जागा उरत नाही. शिवाय तिच्याकडे पाहताच आत कॅमेरा आहे हे कोणालाही कळते, आणि एसटी स्टँडवर तासभर बसायचे असेल तर ते मला नको वाटते. दुसरा मार्ग म्हणजे कप्पे असलेले पॅडेड इन्सर्ट, म्हणजे फोमच्या भिंतींचा खोका, घेऊन ते आहे त्याच सॅकमध्ये ठेवणे. सॅक वरून दोरी ओढून बंद होणारी आहे. अशा सॅकमध्ये इन्सर्ट खरोखर उपयोगी पडते का, आणि माप कसे ठरवावे? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

गोदाकाठ

नमस्कार सर. मी सहा वर्षे इन्सर्टच वापरत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

इन्सर्ट सामान सांभाळते याबद्दल शंका नसावी. तुमची खरी अडचण सॅकच्या तोंडाची आहे. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये इन्सर्ट तळाशी गेले की त्याच्यावर डबा, त्याच्यावर शाल, त्याच्यावर बाटली असा थर बसतो, आणि बारवेच्या तिसऱ्या टप्प्यावर सुंदर तिरपे ऊन पडलेले असताना तुम्ही पायरीवर पोळीचा डबा काढून ठेवत बसता. दोन-तीनदा असे झाले की माणूस कॅमेरा गळ्यात अडकवूनच फिरू लागतो आणि इन्सर्ट रिकामे राहते. माझे पहिले वर्ष असेच गेले. म्हणून ज्या सॅकची चेन तिन्ही बाजूंनी उघडून पुढचा भाग झाकणासारखा खाली पडतो, अशी एखादी कॉलेजची साधी सॅक घरात असेल तर आधी ती पाहा. ट्रेकिंगचीच वापरायची असेल तर क्रम उलटा करा. तळाशी जाड चादर किंवा घडी केलेली सतरंजी, तिच्यावर डबा, आणि सगळ्यांत वर इन्सर्ट, म्हणजे दोरी सैल केली की लगेच त्याचे झाकण हाताला लागते. डबा मात्र सांडणार नाही असाच हवा.

मापाबद्दल सांगायचे तर सॅक किती लिटरची आहे यावरून काहीही कळत नाही. लिटरमध्ये वरची टोपी आणि बाहेरचे खिसेसुद्धा मोजलेले असू शकतात. सॅकचा आतला आकार निमुळता असतो आणि इन्सर्ट मात्र खोक्यासारखे चौकोनी, त्यामुळे कागदावर बसणारे माप प्रत्यक्षात कोपऱ्यांत अडते. सामानावरून हिशेब करा. १५०० डी साधारण १३ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच आहे. त्याला १०-१८ लावून ठेवलीत तर लेन्सच्या दिशेने लांबी १५ सेंटीमीटर धरा. शेजारी ५५-२५० आडवी आणि तिच्या डोक्याशी १८-५५ ठेवली तर सात-साडेसात सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी लागते. म्हणजे आतून साधारण २१ × १९ × १०.५ सेंटीमीटर पुरतात, आणि एक सेंटीमीटर जाडीच्या भिंती, मधला पडदा व झाकण धरले तर बाहेरून २४ × २१ × १३ होतात. याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका चिकटपट्टीने तयार करा, तो सॅकमध्ये घाला, बाकीचे सामानही भरा आणि सॅक पाठीवर घेऊन घराचा जिना दोनदा चढून-उतरून पाहा. खोका कण्याला टोचतो की नाही, चेन शेवटपर्यंत बसते की नाही, हे पैसे देण्याआधीच कळेल. टेन्बा कंपनीची बीवायओबी (BYOB) नावाची इन्सर्टे वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि स्वस्त देशी इन्सर्टेही भरपूर आहेत, पण खरेदी खोक्याच्या प्रयोगानंतरच करावी.

फोम कोणता आहे ते दाबून पाहा. भिंत अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून जोराने दाबल्यावर दोन्ही बोटे एकमेकांना जाणवली, तर तो गादीचा स्पंज आहे. तुरीच्या पोत्यापुढे तो टॉवेलापेक्षा फार वेगळा वागणार नाही, आणि ओला झाला तर पाणी धरून ठेवील. घट्ट, बंद छिद्रांचा फोम दाबला तरी पूर्ण चेपत नाही आणि पाणी शोषत नाही. मधले वेल्क्रोचे पडदे लेन्सला अगदी चिकटतील असे लावा. लेन्स कप्प्यात हलत असेल तर तिचा धक्का तीच स्वतःला देत असते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनसमोर चार्जरसारखी टोकदार वस्तू ठेवू नका आणि कॅमेरा बंद करूनच आत ठेवा, नाहीतर दाबून दाबून शटरचे बटण पडद्याचेच फोटो काढत बसते आणि बॅटरी संपते. मला असे दोनशेच्या वर काळे फोटो मिळालेले आहेत.

वजन सगळे मिळून दीड किलोच्या आतच असल्यामुळे ते थोडे वर आहे की खाली, याने विशेष फरक पडत नाही. ते पाठीला चिकटून असणे मात्र महत्त्वाचे आहे. इन्सर्ट आणि सॅकची पुढची भिंत यांच्यामध्ये पोकळी राहिली तर बारवेच्या उंच पायऱ्या उतरताना सॅक हिंदकळते. त्या पोकळीत उपरणे किंवा स्वेटर घट्ट कोंबा. तिपाई (ट्रायपॉड) एका बाजूला बांधत असाल तर पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या खिशात ठेवा. इन्सर्टच्या शेजारी आत बाटली कधीही ठेवू नका, मग ती कितीही भरवशाची असो.

नाथसागर

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु हा धागा वाचून कोणी मोठी लेन्सही अशीच नेऊ नये म्हणून लिहितो. मी हिवाळ्यात जायकवाडीच्या काठावर रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) जातो आणि माझी दूरचे टिपणारी १५०-६०० ची लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास आहे. असे वजन साध्या इन्सर्टमध्ये कॅमेरा लावलेल्या स्थितीत ठेवले तर रस्त्यावरच्या प्रत्येक दणक्याचा ताण लेन्स आणि कॅमेरा जिथे जोडले जातात त्या कड्यावर येतो. अशी लेन्स वेगळी काढून, दोन्ही टोपणे लावून, तिच्या स्वतःच्या जाड नळकांड्यात न्यावी.

मोटारसायकलवर असताना सॅक टाकीवर किंवा मागच्या कॅरिअरला बांधू नये, पाठीवरच घ्यावी. इंजिनाची सततची थरथर लेन्समधील बारीक स्क्रू सैल करते आणि इन्सर्टचा फोम ती थरथर पूर्ण थांबवू शकत नाही. पाठीवर घेतली तर निम्मे काम आपले शरीरच करते. एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर जागा मिळाली तरी तिथे सॅक ठेवू नका. वैशाखात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, त्यात इंजिनाची धग आली तर बॅटऱ्यांचे नुकसान होते.

गंजगोलाई

परभणीकर सर, मी लातूरची. मी इन्सर्ट विकत न घेता शिवून घेतले, त्यात एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे बाजारात शाळेच्या बॅगा शिवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर बसतात. त्यांतील एकाला मी जुनी योगा मॅट, रेक्झिन आणि चेन नेऊन दिली आणि मापे कागदावर लिहून दिली. योगा मॅट एकेरी पातळ पडत होती म्हणून दुहेरी करून चिकटवली. तळाला त्यांनी स्वतःहून प्लास्टिकचा नालीदार पत्रा घातला, जो जाहिरातींच्या छोट्या पाट्यांना वापरतात, आणि ती सूचना फार कामाची ठरली, कारण तळ वाकत नाही. आतून काय लावायचे हा प्रश्न आला तेव्हा मी हौसेने ब्लाउजपीसचे मखमली कापड दिले. दिसायला ते दागिन्यांच्या डब्यासारखे झाले, पण मधल्या पडद्यांचे वेल्क्रो त्यावर धरेनाच. वेल्क्रोच्या काटेरी बाजूला अडकायला बारीक फासांचे लोकरी कापड लागते आणि साध्या मखमलीला तसे फास नसतात. शेवटी सगळे अस्तर उसवून पुन्हा शिवावे लागले. कापड घेण्याआधी वेल्क्रोचा तुकडा सोबत न्या आणि दुकानातच चिकटवून ओढून पाहा.

दुसरी गोष्ट झाकणाची. झाकण कोणत्या दिशेने उघडले पाहिजे ते कारागिराला सॅक प्रत्यक्ष दाखवूनच सांगा. माझे पहिले झाकण पाठीच्या बाजूने उघडत होते, म्हणजे इन्सर्ट सॅकमधून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय हात आत जात नव्हता. कारागिराचा यात दोष नाही, मी कागदावर बाणच काढला नव्हता.

सॅकच्या तळाला मी आजीच्या वाकळेचा एक चौकोनी तुकडा दुमडून ठेवते. जुन्या लुगड्यांचे सहा-सात पदर आणि जवळजवळ घातलेले धावदोरे यांमुळे तो कितीही दाबला तरी गोळा होत नाही, आणि खरोश्याच्या लेण्यांत खाली बसून फोटो काढायचा असेल तर बसायलाही होतो.

परभणीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोदाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे २४ × २१ × १३ चा खोका तयार केला. ट्रेकिंगच्या सॅकमध्ये तो सहज गेला, परंतु डबा त्याच्याखाली ठेवल्यावर वरची दोरी पूर्ण आवळली जाईना आणि जिना उतरताना खोक्याचा कोपरा मानेखाली लागत होता. मग मुलाची कॉलेजची जुनी सॅक काढली. तिची चेन खालपर्यंत उघडते. तिच्यात खोका तळाशी सपाट बसला, वर डबा व वही राहिली, आणि डब्याला हात न लावता खालून खोका उघडता आला. चेनचा एक दात मात्र गेला आहे, तो बसवून घेईन. इन्सर्ट शिवूनच घ्यायचे ठरवले आहे आणि बाण नक्की काढीन.

दोन शंका उरल्या आहेत. मृगाच्या पावसात वालूरच्या चक्राकार बारवेवर आणि पुढे चारठाण्याला जाण्याचा विचार आहे. सॅकवर घालायचे पावसाळी कव्हर पुरेसे होईल का? आणि दिवाळीत अजिंठ्याला जाईन तेव्हा यात काही बदल करावा लागेल का?

गोदाकाठ

कव्हर एकटे पुरत नाही. ते सॅकच्या पुढच्या बाजूला आणि कडांना झाकते, पाठीची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेले पाणी पट्ट्यांवरून नेमके तिकडेच उतरते. इन्सर्ट एका जाड, न फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड पिळून दुमडा आणि मग सॅकमध्ये ठेवा. कव्हरच्या तळाशी पाणी साचते, त्यासाठी भोक नसेल तर अधूनमधून ते काढून झटका. घरी आल्यावर मात्र सगळे उघडून पंख्याखाली ठेवायला विसरू नका. ओल्या इन्सर्टमध्ये चेन लावून चार दिवस ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या कायम आत असू द्याव्यात.

अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर खासगी गाडी सोडून पुढे एसटीच्या बसने जावे लागते, त्यामुळे जे लागेल ते सगळे सकाळीच पाठीवर घ्या. लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई आहे, म्हणून तो घरीच ठेवा. तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी काढावी लागते, तीही बहुधा घरीच राहील. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढा वार सांभाळा. तिपाईच्या जागी बाजूच्या पट्ट्यात दुसरी पाण्याची बाटली बसते.

गंजगोलाई

चेनचा दात शिवणाऱ्याकडून बसवून घेण्यापेक्षा पूर्ण चेनच बदला सर, आणि रनर दोन टाकायला सांगा. दोन्ही रनर मध्यभागी आणून त्यांच्या भोकांतून छोटे कुलूप घातले की एसटीत डोळा लागला तरी चालतो. फक्त पोत्याचे पाहा.