फालसा उंच वाढतोय, फळ शेंड्यालाच! छाटणी कधी, किती?

प्रश्न (ता. आर्वी, जि. वर्धा)
घरामागच्या सांदवाडीत फालशाची दोन झुडपं आहेत, तीन वर्षांची. जमीन काळी भारी, खाली चुनखडी. उंची दहा फुटांवर गेली, फळ मात्र शेंड्याशी मूठभर. पावसाळ्यापासून कोवळी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. छाटू किती? युरिया देऊ का?

उत्तर
भाऊ, फालशाला फूल येतं ते नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात. जुनं लाकूड लांब ठेवलं की फळ वर पळतं. पानगळ झाली की डिसेंबरअखेर ते मध्य जानेवारीत जमिनीपासून तीन-साडेतीन फूट ठेवून छाटा. आधी वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढा. कोयत्यानं झोडपू नका, फांदी चिरते अन् चिरेतून बुरशी शिरते. सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) डोळ्याच्या बोटभर वर तिरपा काप घ्या. जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर; दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. फेब्रुवारी उलटल्यावर छाटलं तर बहर लांबतो आणि फळ पावसात सापडतं.

उत्तर
छाटणीचं वरचं बरोबर. जमिनीलगत कापा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. फोक जोमदार येतात, पण फळणारे फुटवे कमी मिळतात.

युरियानं हा पिवळेपणा जाणार नाही. नत्र कमी असलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहिल्या म्हणजे लोह कमी पडतंय. जमिनीत लोह असतंच, चुनखडीमुळं मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचलं की आणखीच अडतं. म्हणून पहिले चर काढा, बुडाशी मातीची भर द्या. मार्चमध्ये नवी पानं उघडली की 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) आणि चार लिंबांचा रस घालून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण तांबूस झालं तर फेकून द्या.

प्रश्नकर्ता
शेणखत अन् पाणी?

उत्तर
छाटणीनंतर झुडपामागे कुजलेलं शेणखत 10 किलो, बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात. फूट निघेपर्यंत पाणी बेतानंच. एप्रिल-मेच्या उन्हात आठ-दहा दिवसांनी द्या आणि आळ्यात सोयाबीनचं कुटार चार बोटं अंथरा, बुंध्याला टेकू न देता; टेकलं तर उधई लागते. फळ एकदम पिकत नाही, जांभळं झालेलंच दिवसाआड तोडा. तोडल्यावर दिवसभरात नरम पडतं.